धुक्यातला माणूस

"काकू, जे स्पष्ट दिसायला हवं, तिथं बोट ठेवा. उजेड फोटोत असतोच, मशीन तो फक्त उलगडतं," स्टुडिओतली शबाना म्हणाली.

पडद्यावर हेमलताबाईंनीच तरुणपणी काढलेला, बक्षीस मिळालेला फोटो होता. पापाच्या तिकटीच्या नाक्यावर चपलेला टाके घालणारी म्हातारी. नजर तिच्या हातांवर खिळावी म्हणून मागचं सगळं त्यांनी मुद्दाम धूसर ठेवलेलं. त्या धुक्यात पिशवी धरून त्यांचे यजमान उभे होते. जन्मभर बायकोमागं रस्तोरस्ती हिंडले, पण "माझा कसला फोटो काढतेस?" म्हणत दर वेळी बाजूला झाले. ते गेल्यावर भिंतीवर लावायला एक धड फोटो सापडला नाही.

बाईंनी धुक्यावर बोट ठेवलं. म्हातारी विरघळली आणि हे पुढं आले. कपाळावर घाम, शर्टाचं एक बटण तुटलेलं, आणि तोंडभर हसू.

"कुणाकडं बघून एवढं हसाय लागलेत काका?"

बाईंनी यजमानांच्या चष्म्यावर बोट टेकवलं. काचेत हळूहळू एक तरुण बाई उमटली. डोळ्याला कॅमेरा लावून, वाकून, ती म्हातारीचे हात बघत होती.