पाच बोटांची बाहुली

इंदूरची मिल बंद पडली तसे तात्याराव वसुधा मॅडमच्या क्लासात सांधे हलणाऱ्या पॉलिमर मातीच्या बाहुल्या करायला शिकू लागले. हात घडवताना ते स्वतःचाच डावा पंजा समोर धरत, म्हणून पहिल्या बाहुलीला तीनच बोटं आली. त्यांची बाकीची दोन बोटं मिलच्या मशीनने कधीच खाल्ली होती. क्लासातल्या बायका खो खो हसल्या. दिल्लीच्या प्रदर्शनात मात्र तीच बाहुली आधी खपली. मॅडमनी आणखी पन्नास करायला सांगितल्या. पुन्हा हसं नको म्हणून तात्यारावांनी यावेळी बायकोचा हात समोर ठेवून पाचही बोटं नखांसकट घडवली. भाजण्याआधी ट्रे बघून मॅडमनी कपाळाला हात लावला. "अहो तात्यारावजी, ये कौन लेगा? लोकांना मिलवाला हात पाहिजे!" मॅडमनी तात्यारावांच्या डाव्या हाताच्या त्या तीन बोटांत ब्लेड दिलं. "माती मऊ आहे तोवर कापा. आणि बघा, तुमची तुटलीत तिथूनच."