टायरची बाहेरची कड

चेन्नईत गिंडीच्या औद्योगिक वसाहतीत रविवारी रस्ते रिकामे असतात. तुळजाजीनं गाडी साठवर नेली आणि स्टीअरिंगवरचे हात काढले. गाडी डावीकडे निघाली.

"बघितलं ना भावोजी?" मागून दत्ताजी म्हणाला. "मी खोटं बोलत होतो का?"

दत्ताजी तुळजाजीचा मेव्हणा. त्याच्या शेजारी सरोजाबाई, तुळजाजीची सासू; तो त्यांना आत्याबाई म्हणायचा. पुढची डावी सीट रिकामी होती. अकरा महिन्यांपूर्वी तिथं बसलेली असताना तुळजाजीची बायको भवानी गेली. गाडी दत्ताजी चालवत होता. कडेला उभ्या असलेल्या लॉरीचा मागचा कोपरा काचेतून आत आला. तेराव्याला पन्नास माणसांत दत्ताजी म्हणाला होता, "गाडी आपोआप डावीकडे ओढली. चाकांची अलाइनमेंट भावोजींच्या हातची होती." त्या दिवसापासून सरोजाबाई जावयाच्या घरचं पाणीसुद्धा प्यायल्या नव्हत्या. अकरा महिने तुळजाजी दुसऱ्यांच्या गाड्यांखाली झोपून डोळ्यांसमोर दत्ताजीचं तोंड बघत होता.

वर्षश्राद्ध महिन्यावर आलं तेव्हा त्यानं निरोप पाठवला. तीच गाडी आण, आत्याबाईंनाही आण. त्यांच्यासमोर तपासतो. माझी चूक निघाली तर वर्कशॉपला कुलूप लावीन. नाही निघाली तर त्याच पन्नास माणसांत तू तुझे शब्द मागे घ्यायचे.

"रस्त्याला डावीकडं उतार असतो," तुळजाजी म्हणाला आणि गाडी रस्त्याच्या उजव्या अंगाला घेतली. तिथं उतार उलटा होता. पुन्हा हात सोडले. गाडी तरीही डावीकडेच गेली.

"वेलचेरीच्या घरापासून ओढतेय," सरोजाबाई म्हणाल्या. "माझ्या डोळ्यांनी बघत आले मी."

तुळजाजीनं गाडी वळवली. वर्कशॉपमध्ये येऊन त्यानं चारही चाकांची हवा मोजली. बरोबर होती. पुढची दोन्ही चाकं हात लावून बघितली. सारखीच कोमट होती, म्हणजे ब्रेक अडकत नव्हता. पुढची चाकं डावीउजवीकडे बदलून एक फेरी मारली. ओढ डावीकडेच राहिली, म्हणजे दोष टायरचा नव्हता. चाकं परत जागच्या जागी बसवली.

दत्ताजीनं घड्याळ बघितलं. "किती वेळ, भावोजी? चूक मान्य करायला एवढं काय लागतं?"

तुळजाजीनं गाडी लिफ्टवर चढवून डोक्याच्या वर उचलली आणि डाव्या चाकामागे बॅटरीचा उजेड मारला. चाक वरच्या बाजूला बाहेर झुकलं होतं. ते धरणारा बोल्ट फिरला होता. काम झालं की, नट पुढे हलला तर कळावं म्हणून, तुळजाजी नटावरून पुढच्या लोखंडावर पिवळ्या रंगाची एक रेघ ओढायचा. ती रेघ आता दोन जागी होती. नटावरची अर्धी खाली गेली होती.

दत्ताजीही वाकून बघत होता. "हे बघ आई! बोल्ट सैल राहिला. स्वतःच्या बायकोची गाडी समजून तरी आवळायचा होता!"

सरोजाबाईंनी पदर तोंडाशी धरला.

तुळजाजीला घाई नव्हती. "दत्ता, अपघातानंतर चाकांचं काम कुठं केलंस?"

"कुठंच नाही. काच आणि दार बदललं. चाकांना कुणी हात लावलेला नाही. टायरसुद्धा तेच आहेत, तुम्ही घातलेले."

"आणि गाडी वापरतोस?"

"रोज सिरुसेरीला जातो. ऑफिसला काय उडत जाऊ? ओढते, सांभाळून चालवतो."

"म्हणजे दहा महिने ती अशीच ओढते आहे."

"अशीच. बोललो ना."

"बरं. आत्याबाई, इकडं या."

सरोजाबाई आल्या. तुळजाजीनं डावं चाक उतरवून त्यांच्यासमोर जमिनीवर उभं धरलं.

"चाक वरून असं बाहेर झुकलं, की सगळा भार बाहेरच्या कडेवर येतो. रोज एवढ्या लांब सिरुसेरीला जाऊन यायचं म्हणजे ही कड दहा महिन्यांत टकलासारखी गुळगुळीत व्हायला हवी. हात लावून बघा."

सरोजाबाईंनी तळहात ठेवला. आतून बाहेर फिरवला, मग बाहेरून आत. नक्षी दोन्हीकडे सारखी बोटांना लागत होती. मग त्यांनी बोटांच्या टोकांनी बाहेरच्या कडेची एकेक खाच चाचपली.

"आणि हा नट," तुळजाजी म्हणाला. "सगळीकडं गंज आहे. पाना लागला तिथं लोखंड चकचकीत आहे. चेन्नईच्या हवेत ते आठवडाभरही असं राहत नाही. माझा निरोप पोचल्यावर कुणाकडून फिरवून घेतलास, दत्ता? फिरवणारा हुशार होता. टायरचं त्याच्या ध्यानात आलं नाही."

"आई, हे मेकॅनिक लोक काहीही सांगतात. यांचं तर—"

"गाडी सरळ जात होती," सरोजाबाई म्हणाल्या. तळहात काळा झाला होता. त्यांनी तो पुसला नाही.

"आई..."

"गाडी सरळ जात होती. मग त्या दिवशी तू कुठं बघत होतास?"

दत्ताजीनं एकदा आईकडे, एकदा दाराकडे बघितलं.

"गाडी खाली घ्या, भावोजी. मला काम आहे."

लिफ्टचं बटण तुळजाजीच्या हाताशीच होतं. त्यानं ते दाबलं नाही. भिंतीकडची दोन स्टुलं त्यानं ओढून आणली. एक सासूला दिलं आणि दुसऱ्यावर तो स्वतः बसला. गाडी तीन चाकांनिशी हवेतच राहिली आणि दत्ताजी तिच्याखाली उभा.