एकशेबावन्नपैकी एकशेबावन्न

टेम्पोतून उतरलेला माणूस आधी घर गाठतो, निदान तोंडावर पाणी तरी मारतो. लंकाबाईनं बोचकं वेशीतल्या बोर्डाखाली टाकलं, टाकीवरनं पाण्याचा कॅन भरला आणि कमरेचा कोयताही न ठेवता डोंगराची वाट धरली. ते बघून बोर्डाशी बसलेला कानिफनाना लगबगीनं उठला.

बोर्डावर लिहिलं होतं, ‘झाडे लावली १५२. जगली १५२.’ अक्षरं नानाच्या हातची. तीस वर्षं एसटीत कंडक्टरकी केलेला माणूस. गाव डोंगराकडे सावलीच्या आशेनं बघायचं, नाना डोकी मोजायचा. मागच्या उन्हाळ्यानं गावातली माणसं नेली तेव्हा ग्रामसभेनं ठरवलं, की उघड्या डोंगरावर घरटी एक झाड लावायचं, आपापल्या गेलेल्या माणसाच्या नावानं. ऊसतोडीला निघालेल्यांना नानानंच छातीवर हात ठेवून सांगितलं होतं, तुम्ही बिनघोर जा, झाडांचं आम्ही बघतो.

तो तिच्या मागोमाग चढायला लागला. गुडघा कुरकुरत होता, पण आज गुडघ्याचं ऐकायची सोय नव्हती. सीझन कसा गेला म्हणून त्यानं विचारलं. दिराच्या टोळीत अर्धा कोयता म्हणून गेले होते, ती म्हणाली. तोडीत नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. गेल्या चैत्रात देवळालीच्या उसाच्या फडात तिचा नवरा छगन उन्हानं पडला तो उठलाच नाही. तेव्हापासून ती हिशेबात अर्धीच.

फडावरच्या बीडकडच्या बायांना आपल्या बोर्डाचं सांगितलं, असंही ती चालता चालता म्हणाली. एकशेबावन्नातलं एकसुद्धा मेलं नाही म्हटल्यावर त्या येड्यागत बघायला लागल्या. येत्या पावसात त्यांची दोन गावं अशीच झाडं लावणार आहेत. नानाला खरं तर आनंद व्हायला हवा होता. त्यानं टोपी काढून घाम पुसला.

छगनच्या नावाचा चव्वेचाळीस नंबरचा लिंब कमरेएवढा झाला होता. तापल्या पोराच्या कपाळाला लावावा तसा लंकाबाईनं पानांना हात लावला.

“वाढलंय की, नाना.”

नानानं अडवून धरलेला श्वास सोडला. मोजणी जुळली होती.

मग आळं मोकळं करायला तिनं कमरेचा कोयता काढला. टोक वीतभर आत गेलं आणि ती थांबली. डाव्या अंगाला खुपसून बघितलं, उजव्या अंगाला खुपसलं. माती मऊ होती, नको तितकी मऊ. ही काय शोधतेय ते नानाला कळेना. ती तशीच गुडघ्यांवर सरकत हातभर पलीकडे गेली, जिथं नुसती ढेकळं होती, आणि तिथं टोक मारलं.

टण्.

हा आवाज नानानं आधी ऐकला होता. शिवरात्रीच्या आठवड्यात, याच जागी. दगड लागला म्हणून एक शिवी हासडून त्यानं खड्डा हातभर सरकवला होता.

“त्येंचा कोयता हाय,” लंकाबाई म्हणाली. “मुळाशी पुरला हुता म्यां.” ती लिंबाकडे बघत राहिली. “मग ह्ये झाड कुनाचं, नाना?”

नाना खाली बसला. सांगायला लागला तेव्हा आवाज कंडक्टरचा राहिला नव्हता. परगावी गेलेल्यांच्या झाडांना पाळी पाळीनं पाणी घालायचं शेजाऱ्यांनी कबूल केलं होतं. दोन महिने घातलंही. माघातच विहिरीनं तळ दाखवला, आणि मग ज्याचं झाड त्याची घागर. नाना लुनावर दोन कॅन नेत राहिला, पण दोन कॅन किती जणांच्या तोंडी लागणार? वाळली तशी त्यानं उपटली आणि रोपवाटिकेतून त्याच उंचीची आणून लावली. तुम्ही याल तेव्हा काय दाखवायचं म्हणून, तो म्हणाला.

“अशी किती?”

एसटीत कुणी विचारलं असतं तर त्यानं मागं न बघता आकडा सांगितला असता.

“एकतीस,” तो म्हणाला. “समदी तोडीला गेलेल्यांचीच.”

मग त्यानंच सांगितलं, की उद्या सकाळी बोर्ड पुसतो, चार माणसांसमोर कबूल करतो.

“बोर्ड पुसून काय उगवनार हाय?” ती म्हणाली. “तितं त्या बाया खड्डं घ्यायला लागल्या असतील. पान्याच्या पाळ्या लावून द्या, नाना. आन् आमच्या झाडांचं पानी आदी.”

खाली रस्त्यावर हॉर्न वाजला. तोडीवरनं दुसरा टेम्पो आला होता. झुंबरबाई उतरली आणि कपाळावर आडवा हात धरून डोंगराकडे बघायला लागली. अठ्ठ्याऐंशी नंबर तिच्या थोरल्या लेकाच्या नावाचा होता. नानानं मान खाली घातली, तेवढ्यावरून लंकाबाईला कळलं, हेही एकतीसातलंच.

“नाना ओ,” खालून हाक आली, “आमच्या दादाचं कसं हाय?”

लंकाबाई उठली आणि तोंडाशी हाताची ओंजळ धरून ओरडली.

“लई वाढलंय. ये वर.”

मग ती पुन्हा खाली बसली. अर्धा कॅन तिनं लिंबाच्या आळ्यात ओतला. उरलेला अर्धा, हातभर पलीकडे, ढेकळांवर.