आडनाव खाणारा प्रोग्रॅम

कॉलेजच्या प्रॅक्टिकलसाठी मी सी भाषेतला पहिला प्रोग्रॅम लिहिला आणि तपासायला घरच्यांनाच कामाला लावलं. काम एवढंच, की प्रोग्रॅमनं पूर्ण नाव विचारायचं आणि ‘नमस्कार’ म्हणून तेच नाव परत पडद्यावर दाखवायचं.

बाबांनी एका बोटानं अक्षरं शोधत शोधत स्वतःचं तीन शब्दांचं नाव टाइप केलं. पडद्यावर नमस्कारापुढे फक्त पहिला शब्द उमटला.

“एवढी मेहनत केली आणि आडनाव गिळून बसला!” बाबा भडकले. “वर बापाला नुसत्या नावानं हाक मारतोय!”

काकाचंही तेच झालं. मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. नाव वाचायला मी स्कॅनएफ वापरलं होतं, आणि मोकळी जागा आली की ते तिथंच थांबतं, पुढचे शब्द घेतच नाही.

“अगं, तू पण ये,” बाबांनी आईला बोलावलं.

“या वहिनी, तुमचंही आडनाव गेलं समजा,” काका हसला.

आईनं ओले हात पुसले, पूर्ण नाव टाइप केलं, एंटर दाबलं आणि पडद्याकडे बघतच राहिली.

“आई, सरक जरा. दोन मिनिटांत चूक दुरुस्त करते,” मी म्हणाले.

 

“हात लावू नकोस त्याला. या घरात मला नावानं हाक मारणारा हा पहिलाच आहे.”