पांढरं बोट

परीक्षक एझ्रा ओल्डरॉइडने चष्मा पुसला आणि पुढचा पिंजरा जवळ ओढला. दोरीच्या अलीकडे, बाकीच्या उंदीरवाल्यांच्या घोळक्यात उभी असलेली एड्ना टाचा उंचावून बघू लागली. पिंजरा तिचा होता. तिच्या बापाला ते ठाऊक नव्हतं.

ठाऊक असायचं कारणच नव्हतं. पाळीव उंदरांच्या या प्रदर्शनात सगळे पिंजरे सारखे, बाहेरून हिरवे, आतून लाल, वर नुसता नंबर. कीथलीच्या चॅपेलमागच्या त्या हॉलात परीक्षकाला उंदीर दिसायचा, मालक नाही. एड्नाला नेमकं हेच हवं होतं. घर सोडल्यापासूनच्या दहा वर्षांत तिने दोनदा पोरीला घेऊन येऊन बापाचं दार ठोठावलं होतं. दोन्ही वेळा खिडकीचा पडदा हलला, दार काही हललं नाही. पण परीक्षकाच्या खुर्चीत बसल्यावर पुढ्यात आलेला उंदीर हातात घेणार नाही म्हणून सांगतो कुणाला?

एझ्राचा जन्म गिरणीच्या रंगखात्यात गेलेला. नखं अजून निळी. रंगाच्या बाबतीत तो सख्ख्या आईलाही शेवटचा नंबर देईल, असं सगळं यॉर्कशायर म्हणायचं. त्याचे उंदीर पाठीवर कोळशासारखे काळे आणि पोटाखाली गडद तांबडे असत, आणि दोन रंगांमधली रेघ ताणलेल्या दोऱ्यासारखी सरळ. ते उंदीर त्याने आणि एड्नाने मिळून वाढवले होते. मग एका वेतात दोन पिल्लं अशी निघाली की मागच्या पायाचं एक बोट पांढरं.

"माना मोड त्यांच्या," एझ्रा म्हणाला होता.

त्याच आठवड्यात त्याला कळलं की एड्नाला दिवस गेलेत आणि पोराच्या बापाने काखा वर केल्यात. चहाच्या टेबलावर बसून, बशीतल्या पावाकडे बघत तो म्हणाला, "खोट असलेलं आपण ठेवत नाही." तेव्हा तो उंदरांबद्दल बोलत नव्हता.

एड्नाने बॅग भरली. जाता जाता उंदरांच्या शेडमध्ये शिरली आणि पांढऱ्या बोटाचं एक पिल्लू कोटाच्या खिशात टाकलं. दुसरं पेटीतल्या गवतात दडलं, काही केल्या हाती लागेना. बाहेर बस आली होती. ती तशीच निघाली.

डोंगरापलीकडे लँकशायरात, बर्नलीला तिने मागावर काम केलं, मुलगी वाढवली आणि कोळशाच्या खोलीत त्या पिल्लाचा वंशही वाढवला. पोटाला कमी पडलं नाही. पण गवतात राहिलेलं ते दुसरं पिल्लू तिच्या मनातून जाईना. बापाने त्याच दिवशी त्याची मान मोडली असणार. आपण अजून एक मिनिट थांबायला हवं होतं.

एझ्राने उंदीर उताणा केला. अंगठा पोटावरून खाली सरकला आणि मागच्या डाव्या पायाशी थांबला.

"पांढरं बोट?" पिंजरे उचलून देणारा पर्सी वाकून बघत म्हणाला. "हे कुठल्या शहाण्याने आणलंय? लँकशायरचाच असणार. तिकडच्यांना दहापर्यंत मोजता येत नाही, बोटं कुठली बघणार!"

घोळका हसला. एझ्रा हसला नाही.

"तू तरी काय गप्प बसतोस," पर्सी सोडायला तयार नव्हता. "दहा वर्षांत स्वतः एक शेपटीसुद्धा आणली नाहीस इथे. शेडला कुलूप लावून बसतोस आणि दुसऱ्यांच्या उंदरांना नावं ठेवतोस. काय सोन्याचे उंदीर आहेत का रे आत?"

एझ्राने उंदीर पिंजऱ्यात परत ठेवला नाही. पांढऱ्या डगल्याच्या बाहीवर सोडला. उंदीर सुरसुर चढत कोपराच्या घडीत जाऊन बसला आणि एझ्राने दुसऱ्या हाताने त्याच्यावर हलकेच आडोसा धरला. लहानपणी थंडीत एड्नाचे हात तो असेच झाकायचा. तिला त्या उंदराचा हेवा वाटला. इतका की डोळे भरून आले.

"शेवटचा," एझ्रा म्हणाला.

हे होणारच होतं, ती समजूनच आली होती. तरी तो शब्द काळजात घुसला. तिने स्कार्फ बांधला. पण हरलेल्या माणसाने परीक्षकाला कारण विचारावं आणि परीक्षकाने ते सांगावं, अशी या मंडळींची जुनी रीत होती. शेवटचा पिंजरा बघून होईपर्यंत ती थांबली. मग दोरीखालून वाकून टेबलापाशी गेली.

"माझ्या उंदरात काय खोट आहे, बाबा?"

पर्सीचं तोंड उघडं राहिलं. एझ्राने मान वर केली नाही. उंदीर अजून त्याच्या बाहीवरच होता.

"बोट पांढरं आहे. नियम तो नियम."

"एवढंच?"

"रंग पक्का आहे. रेघ सरळ आहे. कुणीतरी जीव लावलाय याला." त्याने चष्मा काढला. "दोनदा आली होतीस. दार उघडायला तोंड नव्हतं मला."

एझ्राने खिशात हात घातला, शेडची किल्ली काढली आणि तिच्यापुढे ठेवली.

"पोरीला घेऊन ये आणि उघड," तो म्हणाला. "गवतात राहिलेलं तुझं ते दुसरं पिल्लू मादी निघालं. मान मोडवली नाही माझ्याने. आता प्रदर्शनात आणण्याजोगा एकही उंदीर उरलेला नाही माझ्याकडे. सगळेच्या सगळे पांढऱ्या बोटाचे आहेत."