सगळ्यांच्या सह्या

कुबड्या सावरत कुमुद लिफ्टमधून बाहेर पडली. विधी महाविद्यालयाचा तिसरा मजला ती पन्नाशी उलटल्यावर पहिल्यांदाच पाहत होती. माजी विद्यार्थ्यांनी देणग्या देऊन वर्ग नवे केले होते, लिफ्ट बसवली होती.

तिच्या वेळी शेवटच्या वर्षाचे तास इथेच भरायचे. तेव्हाही ती कुबड्यांवरच चालायची आणि जिने चढणं तिला जमत नव्हतं, म्हणून वर्ग खाली भरवावा, असा अर्ज तिने केला. प्राचार्य म्हणाले, "वर्गातल्या सगळ्यांच्या सह्या आण." खालच्या खोलीत पंखा नव्हता. एकानेही सही केली नाही. कुमुदने शिक्षण सोडलं आणि ती कोर्टाबाहेर बसून लोकांचे अर्ज टाइप करू लागली.

देणग्या जमवणारा वकील भोईटे तिचा वर्गमित्र. तो लगबगीने पुढे आला. "ये कुमुद! सगळ्यांत हुशार तू होतीस. शेवटच्या वर्षी एकदम सोडलंस का गं? लग्न ठरलं होतं ना?"

तिने त्याच्या चेहऱ्याकडे निरखून पाहिलं. त्याला खरंच काही आठवत नव्हतं. इतकी वर्षं ती मनातल्या मनात ज्याला जाब विचारत होती, त्याच्या लेखी ते कधी घडलंच नव्हतं.

लग्न कधीच न झालेली कुमुद म्हणाली, "हो. लग्नच ठरलं होतं."