बूच की झाकण

आयटीतल्या नोकऱ्या सोडून शंभू आणि प्रज्ञेशनं मिळून वायनरी काढली. बाटलीला फिरकीचं झाकण लावू, असं प्रज्ञेशचं म्हणणं. शंभू बुचावर अडून बसला. त्या वादानंतर प्रज्ञेश भागीदारी सोडून गेला.

पुढे खराब बुचांपायी वाईन नासू लागली, तेव्हा कुठे शंभूनं हट्ट सोडला. झाकणाची पहिली बाटली घेऊन तो कर्वेनगरला प्रज्ञेशच्या घरी गेला.

"तुझंच खरं होतं रे. एका बुचापायी मी दोस्त गमावला."

"बुचापायी नाही, शंभू," प्रज्ञेश शांतपणे म्हणाला. "'तुम्हा लोकांना वाईनमधलं काय कळतं?' असं म्हणून माझी जात काढली होतीस तू. सगळ्या कामगारांसमोर."

आपण असं म्हणालो होतो, हे शंभूला आठवतसुद्धा नव्हतं.